धाकटीचा रांजण

थोआला वांगं आवडत नव्हतं, आणि ज्या घरी तिला दिली होती तिथं वांग्यावाचून घास उतरत नव्हता.

तिच्या माहेरी, लाम नदी समुद्राला मिळते त्या खारट काठावर, वांगं म्हणजे वीतभर लांब आणि जांभळं. चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचं, साल काळी पडून फुटली की सोलायचं, वर पातीचा कांदा आणि मासळीचं खारं पाणी. जिभेवर ठेवलं की विरघळलं. इथं नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, वांगं म्हणजे आवळ्याएवढं, पांढरंफटक, हिरव्या टोपीचं. त्याला विस्तव दाखवायचाच नाही. अर्धा दिवस उन्हात कोमेजवायचं, देठ छाटायचं पण टोपी राखायची, आल्यासारख्या कुलंजनाच्या कापांबरोबर मिठाच्या पाण्यात बुडवायचं. वर कांबट्यांची जाळी, जाळीवर नदीतला गुळगुळीत दगड. मग वर्षभर भाताबरोबर तेच. दाताखाली ते असं कडकन मोडलं पाहिजे की कुंपणापलीकडे ऐकू जावं.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात रांजणाच्या वासानं तिला उलट्या लागल्या. सासू हरखली. शेजारणींना हिरव्या पानांच्या चहाला हाका मारल्या. पंधरवड्यानं कळलं की सुनेच्या पोटात काही नाही, नुसतं वांगं आहे. शेजारची लुआमावशी ते सांगून अजून हसायची.

पण त्या नाकानंच तिचा घात केला. वास सहन होत नव्हता म्हणून तो बदललेला तिलाच सगळ्यांच्या आधी कळायचा. खार आंबायला लागला, वर साय धरू पाहतेय, रांजणाला ऊन लागतंय, मीठ कमी पडलंय, हे तिला ओसरीवरूनच समजायचं. नाक मुरडत ती जायची, साय काढायची, मूठभर मीठ टाकायची, दगड सरळ करायची. तिच्या हातचं वांगं सहाव्या महिन्यातही पांढरं राही. गावात म्हणू लागले, खांगच्या बायकोचा हात थंड आहे. आणि थंड हाताची सून कोण घराबाहेर जाऊ देतो?

सासू मात्र बोलली होती. सगळ्यांसमोर बोलली होती. "धाकट्या तामचं लग्न होऊ दे. धाकटीच्या हाताला मीठ कळलं, की थोरल्यांनी खुशाल वेगळी चूल मांडावी."

त्या एका वाक्यावर थोआ जगत होती. बांबूच्या बेटाजवळचा उताराचा तुकडा तिनं आणि खांगनं दोन हिवाळे खणून सपाट केला होता. दगड वेचून वेचून तिच्या बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते. चूल कुठल्या कोपऱ्यात, धूर कुठून जाईल, पोरीला, दाओला, कुठं निजवायचं, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. त्या घरात मिठाचा रांजण नव्हता.

वर्षाच्या अखेरच्या महिन्यात तामची बायको आली. येन. गोलमटोल, हसरी, आणि वांग्यावर जीव टाकणारी. पहिल्याच जेवणात तिनं एवढी वांगी कडाकडा मोडली की सासूनं जेवणाच्या काड्या खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"ही बघा," सासू म्हणाली, "ही आपल्या घरची. नाहीतर आमच्या दाओची आई. आठ वर्षं झाली, अजून वांग्याकडे अशी बघते जशी त्यानंच हिला मागणी घातली होती."

सगळे हसले. थोआही हसली. तिला वाटलं, आता सुटले.

*

नव्या सुनेचा पहिला रांजण शेजारणींसमोर उघडायचा, ही इकडची रीत. चौथ्या महिन्यात, वारा सुटायच्या आधी, सासूनं कुंपणावरून चहाला हाका मारल्या. लुआमावशी आली, आणखी दोघीतिघी आल्या. मोठ्या भांड्यात चहाची पानं उकळत होती. येननं नवी विजार घातली होती. रांजण अंगणात आणून ठेवला.

सासूनं दगड उचलला, आणि थोआला जे ओसरीवर चार दिवसांपूर्वीच कळलं होतं ते आता सगळ्यांना कळलं.

जाळीला पांढरा बुरा चिकटून आला. वांगी काळवंडली होती. सासूनं एक उचललं, ते तिच्या दोन बोटांत लिबलिबलं आणि बिया बाहेर आल्या. लुआमावशीनं चहाचा वाडगा नाकाशी धरला.

"अगं, होतं असं," ती वाडग्याआडून म्हणाली. "माझ्या नणंदेचं असंच व्हायचं. मग तिला डुकरांकडे लावली. डुकरं गुबगुबीत झाली हो."

येनचे डोळे भरले. "आई, मी तुम्ही सांगितलं तसंच केलं. मीठ मोजून घेतलं."

"मिठाचं काय चुकलंय," सासू म्हणाली. "हात गरम आहे." तिनं बोटं रांजणाच्या काठाला पुसली. "अजून एकदा लाव. झाडं आहेत अजून. नाही जमलं तर यंदा काही चूल वेगळी होत नाही."

हे ती येनकडे बघून बोलली, पण ऐकायचं कुणी ते अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. खांग ओसरीच्या पायरीवर विळ्याला धार लावत बसला होता. विळा दगडावर घासत राहिला, त्याची लय जराही चुकली नाही.

*

मग वारा सुटला. लाओसकडून डोंगर चढून येतो तो वारा. येताना सगळा पाऊस पलीकडच्याच उतारावर टाकून येतो, आणि इकडे कोरडा धगधगता श्वास घेऊन उतरतो. बांबूची पानं कागदासारखी वाजू लागली. तळ्याचं पाणी दिवसागणिक काठ सोडून आत जाऊ लागलं. भात पिकलं होतं, कापायला हवं होतं, नाहीतर दाणा शेतातच गळला असता.

पहाटेच्या गारव्यात कापणी सुरू व्हायची आणि ऊन चढलं की माणसं बांधाच्या सावलीला पडायची. थोआचा पाठीचा कणा संध्याकाळी सरळ होईना. पानांच्या टोकदार टोप्या वाऱ्यानं उडायच्या म्हणून बायका हनुवटीखाली फडकं बांधायच्या, त्या फडक्याच्या कडेनं घामाचं मीठ पांढरं सुकायचं. पेंढ्या टोकदार दांडीला दोन्हीकडे खोचून खांद्यावर घ्यायच्या, आणि बांधावरून दुडक्या चालीनं घरी. खांद्यावर दांडीची जागा ठरलेली, तिथली कातडी बोटानं दाबली तर थोआला काही कळत नसे.

पलीकडच्या शेतातून लुआमावशीचा चिरका आवाज यायचा. कापता कापता ती मुद्दाम या शेताकडे तोंड करून गायची:

*दगडाच्या खाली बाई वांगं पाण्यात राहिलं,*
*वर डोकं काढलं त्यानं, तेच काळं गं पडलं.*

बायका खिदळायच्या. येनही हसायची, मग थोआकडे बघून गप्प व्हायची.

दुपारच्या जेवणाला बांधावर टोपली उघडली. भात, रताळ्याच्या पाल्याचं पाणी, खारातली वांगी. थोआनं पाल्याचं पाणी भातावर ओतून घेतलं. खांगनं तिच्या वाडग्यात एक वांगं टाकलं. तो दर वेळी टाकायचा, प्रेमानंच टाकायचा, आणि आठ वर्षांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं की ते शेवटी दाओच्या वाडग्यात जातं.

"आईशी बोला ना एकदा," ती हळू म्हणाली. "जागा तयार आहे. बांबू या महिन्यात तोडला तर कीड लागत नाही."

"बोलू की."

"कधी?"

"भात घरात येऊ दे. आत्ता तिचं डोकं तापलेलं आहे." त्यानं वांगं मोडलं. "पुढच्या वर्षी नक्की."

"गेल्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं."

"मग काय करू? आईला सोडून निघून जाऊ? लोक थुंकतील तोंडावर." तो चिडला नव्हता. तो कधी चिडत नसे. चिडला असता तर बरं झालं असतं, असं थोआला वाटून गेलं. भिंत असती तर धडक देता आली असती. हा तर चिखल होता, पाय घातला की मऊपणानं धरून ठेवणारा.

*

येनचा दुसरा रांजण परसातल्या सावलीत लागला. थोआ रोज जाता-येता नाकानं त्याची चौकशी करायची. पहिले काही दिवस ठीक होतं. मग एका दुपारी वास फिरला.

सासू आत झोपली होती. वाऱ्यानं दाराचा बांबू कुरकुरत होता. थोआ पाय न वाजवता परसात गेली, आणि बघते तर येन रांजणापुढे उकिडवी. दगड बाजूला, जाळी कलती, आणि हातात जेवणाच्या काड्या. गाल फुगलेला.

"येन!"

येन दचकली. तोंडातलं वांगं कडकन वाजलं, आणि तिनं घाबरून दोन्ही हातांनी तोंड दाबलं, जसं काही आवाज बोटांनी परत आत ढकलता येणार होता.

"एकच घेतलं, ताई."

"आज एकच. काल?"

येन बोटं मोजू लागली, मग मोजायचं सोडून दिलं. "बघत होते झालंय का. रोज जरासं बघते. ताई, अर्धं मुरलेलं असतं ना, तेव्हाच खरी चव असते. बाहेरून खारट आणि आतून अजून हिरवं. माझा जीवच राहत नाही."

थोआनं त्या काड्या तिच्या हातातून घेतल्या. काड्यांना भाताचं शीत चिकटलेलं होतं. एवढ्याशा शितानं अख्खा रांजण नासतो. गरम हात नव्हता, थंड हात नव्हता. हिला वांगं आवडत होतं, एवढंच होतं. थोआला एकदम हसू फुटलं आणि अर्ध्यातच त्याचं रडू झालं.

"पहिलाही असाच खाल्लास?"

"पहिला जरा जास्त." येननं मान खाली घातली. "आईंना सांगणार?"

सांगून काय होणार होतं? सासू म्हणाली असती, हावरट आहे, हिच्या ताब्यात रांजण कसा द्यायचा. आणि चूल पुन्हा पुढच्या वर्षावर.

"नाही," थोआ म्हणाली. "पण हा गेला. वास फिरलाय. ऐक, परवा आई नदीपलीकडे मामांच्या घरी श्राद्धाला जाणार आहेत. रात्री तिकडेच राहतील. त्या दिवशी मी सांगेन तसं करायचं आणि जन्मभर तोंड मिटायचं."

"तोंड मिटायचं म्हणजे खायचंही नाही?"

"त्या रांजणातलं नाही."

येननं इतक्या दुःखानं होकार दिला की थोआला आता खरंच हसू आलं.

सासू होडीत बसली तशी दोघी कामाला लागल्या. नासका खार केळीच्या बुंध्यात ओतला. रांजण उकळत्या पाण्यानं धुतला, उन्हात पालथा घातला. थोआनं टोपलीतली वांगी एकेक हातात घेऊन निवडली. टोपी कोरडी नको, साल फार ताणलेली नको, किडीचं टाचणीएवढं भोकही नको. देठ छाटताना तिची सुरी झरझर चालायची, विचार करावा लागत नसे. येन शेजारी बसून कुलंजन चेचत होती.

"ताई, तुम्हाला आवडत नाही तर एवढं चांगलं कसं करता?"

"आवडत नाही म्हणून. मला ते मध्येच उघडून बघावंसं वाटत नाही."

"आणि वेगळी चूल झाल्यावर? काय शिजवणार?"

थोआ उत्तर देणार होती. निखाऱ्यावरचं जांभळं वांगं तिच्या ओठापर्यंत आलं होतं. पण तिनं ते गिळलं. बोलून दाखवलं तर विझेल असं काहीसं वाटलं. "आधी होऊ तर दे," ती म्हणाली, आणि दगड जाळीवर ठेवला. खार हळूच वर आला, सगळी वांगी बुडाली.

मग वाट बघणं. थोआ शेतातून आली की आधी परसात. येन रांजणाच्या बाजूनं जायचंच टाळायची, पाणी आणायलासुद्धा लांबून वळसा घालायची. ताम चेष्टा करायचा, "रांजणात तुझा पहिला नवरा आहे की काय, एवढी लाजतेस ती?" मळणी झाली. दाणे अंगणात पसरले, वाऱ्यात उफणले. फोलपट सगळ्यांच्या मानेत, कानात, डोळ्यांच्या कडांना. दाओच्या अंगावर घामोळं उठलं. आणि त्या सगळ्या धुळीत, घामात थोआच्या मनात एक गार जागा होती. बांबूच्या बेटाजवळची. रोज संध्याकाळी ती तिथं एक फेरी मारून यायची, नुसती उभी राहायची, आणि परत यायची.

*

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा चहाची पानं उकळली. त्याच शेजारणी आल्या. येननं या वेळी नवी विजार घातली नव्हती.

सासूनं दगड उचलला. खार नितळ होता, फिकट, चहाच्या पहिल्या पाण्यासारखा. वांगी खाली शांत बसली होती, पांढरी, टोप्यांचा हिरवेपणा जरासा पिवळसर झालेला. सासूनं एक घेतलं. तिचे दात जुन्या रीतीनं काळे रंगवलेले, आणि त्यातले पुढचे थोडेच उरलेले. त्यांच्यामध्ये तिनं वांगं धरलं आणि चावलं.

कडकन आवाज झाला. कुंपणापलीकडे कोंबडी थबकली असेल असा.

"अगं बाई!" लुआमावशी म्हणाली आणि न विचारता हात घातला. मग सगळ्यांनीच घातला. अंगणभर कडाकडा सुरू झालं. सासू मात्र चावत नव्हती. उरलेलं अर्धं वांगं तिनं डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, टोपीकडे पाहिलं. मग ते तोंडात टाकलं आणि सावकाश खाल्लं.

"हात आला पोरीला," ती म्हणाली.

थोआनं खांगकडे पाहिलं. तो पायरीवर बसला होता, त्यानंही तिच्याकडे पाहिलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ती जागा, ती चूल, ते घर दिसलं.

"जिच्या हाताला मीठ कळलं ती कुठंही संसार मांडेल," सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "बांबूच्या बेटाजवळ जागा तयारच आहे. ताम आणि येन तिथं राहतील."

कुणीतरी चहा सुर्र केला.

"आई," थोआ म्हणाली. "आई, तुम्ही म्हणाला होतात, थोरल्यांनी."

"म्हणाले होते. खोटं कशाला बोलू." सासूनं विड्याची डबी उघडली. "म्हणाले तेव्हा विचार केला नव्हता. पितरांचं देवघर थोरल्याच्या घरात असतं. त्याच्या बापाचा धूप कोण लावणार? मी आज आहे, उद्या नाही. देवघर उचलून बांबूच्या बेटात नेऊ?"

"खरंय," लुआमावशी म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "थोरल्यानं हलायचं नसतं."

बाकीच्या दोघींनीही माना हलवल्या. थोआनं तोंड उघडलं. रांजण माझा आहे, असं ती म्हणणार होती. आणि त्याच क्षणी तिला सगळं दिसलं. म्हटलं, तर येनच्या हाताला मीठ कळलेलं नाही, आणि मग थोआनं घर सोडायचं नाही. नाही म्हटलं, तर येनच्या हाताला मीठ कळलंय, आणि थोआनं घर सोडायचं नाही. पलीकडे येन रांजणाचा काठ धरून उभी होती, रडवेली, लाल, आणि त्या लालीखाली लपता न लपणारा आनंद. थोआनं तोंड मिटलं.

खांग पायरीवरून उठला. "आईचं बरोबर आहे," तो म्हणाला. "देवघर आहे." आणि त्याचे खांदे खाली आले, दांडीवरच्या दोन्ही पेंढ्या एकदम उतरवल्यावर येतात तसे. त्याला बरं वाटलं होतं. ते बघायला नको होतं, पण थोआला दिसलं.

शेजारणी गेल्यावर ती वाडगे धूत बसली. सासू मागून आली आणि विडा चघळत उकिडवी बसली.

"देठ छाटताना तुझी सुरी डावीकडून तिरपी जाते," सासू म्हणाली. "आठ वर्षं तुझ्या हातचं खातेय. आंधळी नाही मी."

थोआनं हातातला वाडगा पाण्यात सोडला.

"मग का?"

"ती घरात राहिली तर दर वर्षी रांजण नासवेल. मला माहीत नाही होय, ती चोरून खाते ते? तिच्या तोंडाला दुपारी खाराचा वास येतो." सासूनं लाल थुंकी लांब टाकली. "आणि तू गेलीस तर मी काय खाऊ? दात उरलेत किती ते बघ. दुसऱ्या कुणाचं वांगं एक तर मोडत नाही, नाहीतर लगदा होतो. तुझं तेवढं माझ्या दातांना कळतं."

"मला आवडत नाही ते, आई. मला त्याचा वास सहन होत नाही."

"ठाऊक आहे." सासूनं पाण्यातला तिचा ओला हात धरला. सासूचा हात सुकलेल्या शेंगेसारखा हलका होता. असा कुणाचा हात ती कधी धरत नसे. "आवडणारीनं कधी राखलाय का रांजण? म्हणून तर तुला ठेवते."

ती उठून गेली. थोआला तिचा राग यायला हवा होता. तो शोधायला ती स्वतःच्या आत उतरली, पण त्या हलक्या हाताची जागा मनगटावर तशीच राहिली होती, आणि राग काही हाताला लागेना.

*

घर उभं राहायला फार दिवस लागले नाहीत. खांग भावासाठी राबला. त्यानं बांबू तोडले, चिरले, गवताच्या पेंढ्या वर फेकल्या. थोआनं सपाट केलेल्या जमिनीत त्यानं खांब रोवले तेव्हा जमीन इतकी मऊ लागली की तो हसून ओरडला, "बघ गं, लोण्यासारखी आहे!" थोआनं चहा ठेवला आणि निघून आली.

नव्या चुलीत पहिला विस्तव जुन्या चुलीतून न्यायचा, आणि तो थोरल्या जावेनं न्यायचा. सासूनं मातीच्या भांड्यात निखारे काढून दिले, वर राख घातली. थोआ भांडं दोन्ही हातांत धरून निघाली. वारा समोरून येत होता. भांड्याची धग पोटाला, वाऱ्याची धग तोंडाला. बांबूच्या बेटापाशी वळताना तिनं निखाऱ्यांवर आपली टोपी धरली, आणि मग तिच्याच डोक्यावर ऊन आलं.

येन दारात उभी होती. ताम छपराची शेवटची दोरी ओढत होता. चूल कोपऱ्यात मांडली होती. थोआनं मनात मांडली होती त्या कोपऱ्यात नाही, समोरच्या. धूर आत कोंडणार होता. थोआला ते दिसलं, तिनं काही म्हटलं नाही. ती वाकली, निखारे ओतले, काटक्या लावल्या, आणि फुंकर घातली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं.

येन तिच्याजवळ सरकून उकिडवी बसली. तिनं एकदा दाराबाहेर बघितलं, तामची पाठ आहे ना ते पाहिलं, आणि तिच्या कानाशी आली.

"ताई."

"हं."

"पुढच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात वांगी लागतील. इथं आई येतील, बघतील. लुआमावशी येईल." तिनं थोआचा दंड धरला. "माझा रांजण कोण लावणार?"

काटकीनं पेट घेतला. एक लहानशी पिवळी ज्योत इकडेतिकडे बघून उभी राहिली. थोआ तिच्याकडे बघत होती. येनचे डोळे अगदी जवळ होते, भाबडे, घाबरलेले. तिच्यात लबाडी शोधूनही सापडली नसती.

"मी येईन," थोआ म्हणाली.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि ह्यांना कळलं तर?"

"तुझ्या नवऱ्याला काय कळतंय. तो नुसता चावतो."

येन हसली आणि हसता हसता तिनं थोआच्या खांद्यावर डोकं टेकलं. जिथं दांडी बसायची, तिथंच. थोआला ते डोकं तिथं आहे हे नुसतं दिसलं, लागलं नाही.

ती बाहेर आली. चुलीचा धूर छपरातून वाट शोधत होता, सापडत नव्हता. वारा आता अंगणातली धूळ गोल गोल उचलत होता. तिला वाटलं, थोडं थांबावं. इथं, बांबूच्या सावलीत. कुणी बोलावत नाही तोवर. नदीकडे जाणारी वाट इथूनच खाली उतरत होती, त्या वाटेनं एक दिवसाच्या अंतरावर तिच्या माहेरचा समुद्र होता. ती वाटेकडे बघत उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की ही वाट नुसती बघायची नाही, उतरायचीही असते.

"दाओची आई!" वरून सासूची हाक आली, वाऱ्यानं फाटलेली. "अगं दाओची आई! चटया उडाल्या! शेवटच्या तोड्याची वांगी सगळी अंगणभर! कोंबड्या लागल्या!"

तिनं काही ठरवायच्या आत तिचे पाय पळत सुटले होते, चढणीवर, घराकडे.